लहान वायनरीची आठ वर्षे जुनी रेड वाइन तोंड कोरडे करते. ती खराब झाली असे समजावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकजवळच्या दिंडोरी भागातील एका लहान वायनरीतून आपण २०१७ च्या हंगामातील कॅबर्ने-शिराझच्या, म्हणजे या दोन जातींच्या द्राक्षांच्या मिश्र रेड वाइनच्या, दोन बाटल्या आणल्या. फ्रेंच ओकच्या पिंपांत अठरा महिने मुरवल्याचा उल्लेख लेबलवर होता. पुण्यातील घरी त्या चार वर्षे कपाटात राहिल्या आणि गेल्या मे महिन्यात पाहुणे आले म्हणून आपण एक उघडली. पहिल्याच घोटात तोंड कोरडे पडले, नाकाला दारूचा झणका लागला, ग्लासच्या तळाशी काळसर गाळ दिसला आणि तांबड्या रश्श्याबरोबर तर ती पिववेना. वाइन जितकी जुनी तितकी चांगली असे ऐकून आपण ती जपली होती, म्हणून निराशा अधिक झाली. ती खराब झाली होती का आणि उरलेली बाटली कशी चाखावी, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

नाशिक परिसरातील वायनरींच्या टेस्टिंग रूममध्ये मी अनेक वर्षे काम करतो आणि नवख्या मंडळींना चाखणी शिकवतो. हा प्रश्न तेथे निरनिराळ्या रूपांत सतत समोर येतो. माझ्या मते त्यात तीन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात: वाइनमध्ये काही दोष आहे का, ती आपल्या आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे, आणि ती मुळात चांगली बनवलेली आहे का. आपण बहुतेक जण पहिल्या घोटावरच तिसऱ्या प्रश्नाचा निकाल देऊन मोकळे होतो आणि पहिल्या दोन प्रश्नांकडे वळतच नाही. भारदस्त आणि जुन्या वाइनच्या बाबतीत ही घाई फार महागात पडते, कारण अशी वाइन पहिल्या घोटात सर्वांत कमी बोलते.

आपण सांगितलेल्या चार लक्षणांपैकी एकही लक्षण खराबीचा पुरावा नाही, हे आधी स्पष्ट करतो. तोंड कोरडे पडले ते टॅनिनमुळे, झणका लागला तो वाइन गरम असल्यामुळे, गाळ आला तो वयामुळे, आणि रश्श्याबरोबर ती बिघडली ती तिखटामुळे. मात्र यावरून बाटली उत्तम होती असेही सिद्ध होत नाही. मला खरी काळजी वाटते ती कपाटातल्या चार उन्हाळ्यांची. त्याविषयी पुढे लिहितो.

तोंड कोरडे पडणे ही चव नसून स्पर्श आहे. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असणारी टॅनिने लाळेतील प्रथिनांना चिकटतात, त्यामुळे लाळेचा ओशट गुळगुळीतपणा नाहीसा होतो आणि जीभ, हिरड्या व गालांची आतली बाजू खरखरीत लागू लागते. कच्चे जांभूळ खाल्ल्यावर जे होते तेच हे. कडूपणा याहून वेगळा आहे. तो जिभेवर, विशेषतः मागच्या भागात जाणवतो आणि मागे रेंगाळतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण दोन्ही अनुभवांना कडूच म्हणतात, आणि तेथेच निदान चुकते. घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर दहा सेकंद काही बोलू नये आणि जीभ हिरड्यांवरून हळूच फिरवावी. खरखर हिरड्यांवर आणि ओठांच्या आत असेल तर ते टॅनिन आहे. ती खरखर बारीक आणि एकसारखी असेल, तर द्राक्षे पिकलेली होती आणि वाइन नीट हाताळली गेली होती असे मी समजतो. खरखर भरड असेल आणि तिच्यामागून हिरवट कडूपणा येत असेल, तर बिया कच्च्या राहिल्या असाव्यात किंवा साली गरजेपेक्षा जास्त वेळ भिजवल्या गेल्या असाव्यात. हा दुसरा प्रकार वयाने पूर्णपणे सुधारत नाही.

गाळाचे कारणही टॅनिनशी जोडलेले आहे. वर्षे जातात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जाऊन मोठे होतात, आणि पुरेसे मोठे झाले की विरघळलेले राहू शकत नाहीत. तळाशी दिसलेला काळसर थर म्हणजे एके काळी वाइनमध्येच असलेला रंग आणि तुरटपणा होय. त्यासोबत कधी बुचाच्या आतल्या टोकावर चमकणारे खडे दिसतात. ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, म्हणजे चिंचेत जे आम्ल असते त्याचेच. दोन्ही निरुपद्रवी आहेत. लहान वायनरी अनेकदा वाइन फार बारीक गाळत नाहीत, म्हणून त्यांच्या बाटल्यांत गाळ अधिक दिसतो. फक्त तो ग्लासात येऊ देऊ नये, कारण ढवळलेला गाळ जिभेवर बारीक वाळूसारखा लागतो आणि चवही कडवट करतो. आपल्या पहिल्या ग्लासात नेमके हेच झाले असावे.

आता वयाकडे वळतो. युरोपातील प्रसिद्ध वाइनचे वीस-तीस वर्षांचे आयुष्य नाशिकच्या बाटलीला सरसकट लावू नये, आणि यात नाशिकचा कमीपणा नाही. येथील वेलीचे वर्षच वेगळे आहे. आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये चालते. फ्रान्समध्ये द्राक्ष पिकते तेव्हा हवा दिवसेंदिवस थंड होत जाते. नाशिकमध्ये द्राक्ष पिकते तेव्हा थंडी ओसरून ऊन चढत असते. तोडणी थोडी लांबली तरी साखर झपाट्याने वाढते आणि आम्ल घटते. परिणामी वाइनमध्ये अल्कोहोल साडेतेरा-चौदा टक्क्यांपर्यंत सहज जाते आणि आम्ल टिकवण्यासाठी वाइनमेकरला टार्टारिक आम्ल घालावे लागते. वाइन दीर्घकाळ टिकते ती टॅनिन आणि आम्ल या दोघांच्या आधाराने. त्यांपैकी एक आधार आपल्याकडे निसर्गतःच थोडा हलका असतो. माझ्या अनुभवात नाशिकच्या बहुतेक रेड वाइन तीन ते पाच वर्षांत सर्वांत सुंदर लागतात. उंचावरच्या बागेतील, कमी उत्पादन घेतलेल्या वेलींची आणि काळजीने पिंपात मुरवलेली वाइन थंड जागी राहिली तर आठ-दहा वर्षेही छान जाते. नाशिकच्या वाइन उद्योगाने वेग घेतला तोच मुळी २००० नंतर, राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आले ते २००१ मध्ये. त्यामुळे वीस वर्षे नीट साठवलेल्या बाटल्यांचा अनुभव येथे फार थोड्यांकडे आहे, आणि जो ठामपणे तारखा सांगतो त्याच्यावर मी लगेच विश्वास ठेवत नाही.

म्हणून आपली २०१७ ची बाटली काठावरची आहे, आणि तो काठ कोणत्या बाजूला झुकतो हे कपाटावर अवलंबून आहे. वाइनसाठी बारा ते पंधरा अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान चांगले मानले जाते. रासायनिक क्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढला की ढोबळमानाने दुप्पट होतो. पुण्यातील बंद कपाट, तेही पश्चिमेकडच्या भिंतीला लागून किंवा वरच्या मजल्यावर असेल, तर एप्रिल-मेमध्ये तेहतीस-चौतीस अंशांपर्यंत सहज तापते. अशा चार उन्हाळ्यांत बाटली दिनदर्शिकेपेक्षा बरीच जास्त म्हातारी होते. तळमजल्यावरील उत्तरेकडची खोली असेल आणि बाटली आडवी राहिली असेल, तर नुकसान बरेच कमी झाले असेल. हे मला येथून सांगता येणार नाही, पण आपल्याला बाटली न उघडताही थोडे ताडता येईल. बाटली उभी करून वाइनची पातळी पाहावी. आठ वर्षांत ती मानेत थोडी खाली येणे स्वाभाविक आहे, पण ती बाटलीच्या खांद्यापर्यंत उतरली असेल तर हवा आत गेली आहे. बूच तोंडापेक्षा वर उचललेले असेल किंवा वेष्टनाखालून चिकट ओघळ आला असेल, तर वाइन कधीतरी इतकी तापली होती की ती फुगून बाहेर आली.

दुसरी बाटली उघडण्याच्या आदल्या दिवशीच ती बाहेर काढून सरळ उभी ठेवावी, म्हणजे सर्व गाळ तळाशी बसेल. चाखणी मे महिन्यात नको. निदान खोली गार असावी. वाइनचे तापमान सोळा ते अठरा अंश असावे. खोलीच्या तापमानाला रेड वाइन प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांसाठी आहे; आपल्या तीस अंशांच्या खोलीत अल्कोहोल उडून थेट नाकात शिरते आणि फळाचा वास त्याखाली दबतो. बाटली उभीच फ्रिजमध्ये सुमारे एक ते दीड तास ठेवावी. बर्फाच्या पाण्यात दहा-बारा मिनिटे पुरतात, पण त्यात बाटली हलते आणि गाळ उठतो, म्हणून जुन्या वाइनसाठी मी फ्रिजच वापरतो. थंडी जरा जास्त झाली तरी चिंता नको, ग्लासात ती लवकर उबते.

ग्लास मोठ्या पोटाचा आणि वर निमुळता असावा, आणि त्यात तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त ओतू नये. भांडी घासण्याच्या साबणाचा वास ग्लासात राहतो, म्हणून तो केवळ गरम पाण्याने विसळून कोरडा होऊ द्यावा. घरात त्या वेळी उदबत्ती, अत्तर आणि फोडणी या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. हे फाजील लाड वाटतील, पण जुन्या वाइनमधले सर्वांत मोलाचे वास मंद असतात आणि हिंगाच्या फोडणीपुढे त्यांचा निभाव लागत नाही.

आठ वर्षांचे बूच कधी कधी मधूनच तुटते. स्क्रू मध्यभागी सरळ, जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावा आणि बूच झटका न देता हळूहळू वर आणावे. नंतर बाटलीचे तोंड आतून-बाहेरून स्वच्छ फडक्याने पुसावे. ओतताना मानेच्या खाली मोबाइलची बॅटरी लावून उजेड धरावा आणि बाटली एकाच संथ धारेत, मध्ये परत उभी न करता, काचेच्या जगमध्ये रिकामी करत जावी. सुरुवातीला मानेतून उजेड स्वच्छ लाल दिसतो. बाटली संपत आली की खांद्याच्या वळणावर धुरासारखी एक काळसर रेघ सरकताना दिसते. ती मानेत शिरण्यापूर्वी हात थांबवावा. खाली दोन-तीन बोटे वाइन उरेल, ती सोडून द्यावी. चहाची गाळणी वापरायचा मोह होईल, पण तिला चहाचा वास असतो आणि बारीक गाळ तिच्यातून निसटतोच.

एक गोष्ट मात्र यापूर्वी करावी. सगळी वाइन जगमध्ये ओतण्याआधी बाटलीतून अगदी थोडी, दोन घोटांइतकी, ग्लासात घेऊन वास पाहावा. तरुण, भारदस्त रेड वाइनला तास-दोन तास हवा दिली तर ती खुलते. फार थकलेली जुनी वाइन तेवढ्याच वेळात विझून जाते. पहिल्या वासात फळ ताजे आणि वाइन आखडलेली वाटली, तर जगमध्ये तासभर ठेवावी. पहिल्याच वासात सुके अंजीर, मनुका, जुने चामडे असे काही पुढे आले, तर ओतून लगेच प्यायला बसावे. या निर्णयासाठी घड्याळाचा ठरावीक नियम मला आजवर सापडलेला नाही. नाकावरच विसंबावे लागते.

चाखताना प्रथम पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून कडेचा रंग पाहावा. मधला भाग गडद आणि कड विटकरी असेल, तर ते वयाला साजेसे आहे. कड जांभळी असेल तर वाइन अजून तरुण आहे, आणि सगळीच तपकिरी झाली असेल तर ती बहुधा उतरली आहे. मग ग्लास न हलवता एकदा वास घ्यावा आणि हलवून पुन्हा घ्यावा. शिराझमध्ये करवंद, जांभूळ आणि काळ्या मिऱ्यांचा वास शोधावा. तो मिऱ्यांचा वास कल्पनेतला नाही. रोटंडोन नावाचे जे द्रव्य मिऱ्यांत असते तेच शिराझच्या सालीत असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. सुमारे पाचांतल्या एका माणसाला हे द्रव्य जाणवतच नाही, तेव्हा आपल्याला मिरे सापडले नाहीत आणि शेजारच्याला सापडले तर दोघेही बरोबर असू शकतात. कॅबर्नेमध्ये काळे फळ आणि कधी ढोबळी मिरचीची छटा मिळते. लवंग, व्हॅनिला, भाजल्याचा वास हे ओकचे. सुकामेवा, तंबाखू, चामडे, पहिल्या पावसातली माती हे वयाचे. फळ, लाकूड आणि वय या तिघांपैकी कोणीही दुसऱ्याला पूर्ण झाकत नसेल, तर बाटली आपल्या चांगल्या काळात आहे. फक्त लाकूडच लागत असेल, तर फळ आधी गेले आणि पिंप मागे उरले. अठरा महिने मुरवलेल्या वाइनच्या बाबतीत हे अनेकदा होते, आणि जास्त महिने म्हणजे जास्त दर्जा ही समजूत मला म्हणूनच पटत नाही.

घोट लहान घ्यावा आणि तोंडभर फिरवावा. तो गेल्यावर गालांच्या कडेला लाळ सुटते का पाहावे. ती सुटली तर आम्ल जिवंत आहे. घशात जाळ वाटतो का आणि चव किती वेळ टिकते हेही पाहावे. मग ग्लास बाजूला ठेवून वीस मिनिटांनी आणि तासाने पुन्हा चाखावे. माझ्या शिकवणीत मी पहिल्या तासाभरात कोणालाही गुण देऊ देत नाही. मिटलेली, नुसती तुरट वाटणारी शिराझ चाळीस-पन्नास मिनिटांनी मिऱ्यांनी आणि सुक्या फळांनी भरून येते, आणि त्याच टेबलावरची दुसरी, सुरुवातीला गोडसर व आकर्षक वाटलेली वाइन तोवर सपाट झालेली असते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

दोष ओळखण्याच्या खुणा थोड्या आहेत. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास येऊन फळ हरवले असेल, तर बुचाचा दोष आहे. तो हवेने जात नाही, उलट वाढतो. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश काढण्याच्या द्रवाचा वास म्हणजे जिवाणूंनी केलेली आंबण. शिजलेल्या जॅमसारखा वास, सपाट चव आणि तपकिरी रंग हे तिन्ही एकत्र आले, तर उष्णतेने घात केला आहे, आणि आपल्या बाबतीत मला हीच शक्यता सर्वांत जास्त वाटते. जळलेल्या काडेपेटीचा किंवा कुजक्या अंड्याचा वास मात्र हवा लागली की अनेकदा निघून जातो. त्यावर वाइन फेकू नये.

आपण पहिल्या बाटलीवरून दुसरीचा अंदाज बांधत असाल तर थोडे थांबावे. ओकचे नेहमीचे पिंप २२५ लिटरचे असते आणि त्यातून ७५० मिलिलिटरच्या तीनशे बाटल्या निघतात. लहान वायनरीची खास वाइन चार-पाच पिंपांचीच असते. मोठ्या टाकीत एका पिंपाचा गुणदोष विरून जातो. येथे तो साऱ्या वाइनला जाणवतो. यामुळेच अशा वाइनला एका बागेची, एका वर्षाची स्वतःची ओळख राहते, आणि मला या लहान वायनरी मनापासून प्रिय आहेत त्या यासाठीच. पण प्रत्येक बुचातून हवा सारखी झिरपत नाही, म्हणून एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या आठ वर्षांनी वेगळ्या निघू शकतात.

जेवणाबद्दल एवढेच सांगतो की चाखणी आणि तांबडा रस्सा एका वेळी नकोत. मिरचीचा जाळ अल्कोहोलने वाढतो आणि टॅनिन आणखी टोचते. चाखताना साधा पाव आणि पाणी पुरे. नंतर जेवायला बसल्यावर काळ्या मसाल्याचे, तेल-सुके खोबरे असलेले पण कमी तिखट मटण घ्यावे. मांसातली प्रथिने टॅनिनला स्वतःकडे ओढतात आणि मघाची तुरट वाइन एकदम मऊ लागते. शाकाहारी ताटात चुलीवर भाजलेल्या वांग्याचे भरीत किंवा जुने, घट्ट चीज हेच काम चांगले करते.

बाटलीत वाइन उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी एक घोट अवश्य घ्यावा. दुसऱ्या दिवशीही फळ शिल्लक असेल, तर त्या वायनरीला दूरध्वनी करून त्या वर्षाच्या बाटल्या त्यांच्या थंड कोठारात अजून आहेत का ते विचारावे, कारण तेथे राहिलेली हीच वाइन आपल्या कपाटातल्या बाटलीपेक्षा बरीच तरुण असेल. आपली बाटली विझलेली निघाली, तर तेवढ्यावरून वायनरीला बोल लावू नये. काहीही असो, उरलेली बाटली येत्या डिसेंबर-जानेवारीत उघडावी. तोवर ती फ्रिजच्या तळच्या कप्प्यात आडवी ठेवावी आणि पाचवा उन्हाळा तिला त्या कपाटात काढायला लावू नये.